विनाखर्च दिवस : हात कुठे आवरावा, कुठे आवरू नये



महिन्याची वीस तारीख उलटली की अनेक घरांत एकच प्रश्न निघतो : पैसे गेले कुठे? घरभाडे, मुलांची फी, विजेचे बिल यांचा हिशेब लगेच लागतो. लागत नाही तो लहानसहान खर्चांचा. नाक्यावरचा चहा, मुलांसाठी वेफर्सचे पुडे, बाजारात सहज नजरेस पडलेली ओढणी, रात्री मोबाइलवरून मागविलेली बिर्याणी. पूर्वी नोट मोडताना हात क्षणभर थांबत असे. आता दुकानातील कोडसमोर मोबाइल धरला की पैसे जातात आणि गेल्याची जाणीवही होत नाही.

यावर उपाय म्हणून आठवड्यातील एक-दोन दिवस ‘विनाखर्च दिवस’ म्हणून पाळण्याची एक रीत आहे. त्या दिवशी घरात आहे त्यावरच भागवायचे, काहीही विकत घ्यायचे नाही. श्रद्धावंताने ही रीत कोणत्या हेतूने व कोणत्या मर्यादेत पाळावी, याचा विचार या धड्यात करू.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. शरीअतने असा कोणताही दिवस नेमून दिलेला नाही. ही इबादत नव्हे, तर घर चालविण्याची एक तदबीर आहे. ती न पाळणाऱ्यास कोणी दोष देऊ नये. मात्र कर्मांचे मोल नीयतवर ठरते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. अल्लाहने दिलेल्या अमानतीचा सांभाळ करण्याच्या नीयतने हात आवरला, तर ही साधी तदबीरही अजर मिळवून देऊ शकते, इन्शा अल्लाह.

कुरआनचा तराजू

सूरह फुरकानच्या ६७व्या आयतीत रहमानच्या खऱ्या दासांचा एक गुण सांगितला आहे. ते खर्च करताना मर्यादा ओलांडीत नाहीत आणि हातही आखडता घेत नाहीत. त्यांचा मार्ग या दोहोंच्या मधला असतो. सूरह बनी इस्राईलच्या २९व्या आयतीत हीच गोष्ट हाताच्या दृष्टांताने समजाविली आहे. गळ्याशी बांधलेला हात चुकीचा आणि पूर्ण मोकळा सोडलेला हातही चुकीचा. एकाची परिणती निंदेत, तर दुसऱ्याची लाचारीत होते.

त्याच सूरहतील २६व्या व २७व्या आयतींचा क्रम मनन करण्याजोगा आहे. उधळपट्टी करणाऱ्यांना तेथे शैतानाचे भाऊ म्हटले आहे, हे आपण वारंवार ऐकतो. पण त्याआधी कोणती आज्ञा आहे? नातेवाइकाला, गरजूला आणि वाटसरूला त्याचा हक्क द्या, ही. आधी हक्काची आज्ञा, मग उधळपट्टीची मनाई. यातून बोध असा की, पैसा उधळला जातो तेव्हा बहुधा कोणाचा तरी हक्क मागे पडतो. म्हणून हात आवरण्याचा हेतू केवळ शिल्लक वाढविणे हा नसावा. ज्याचे त्याला पोहोचावे, हा असावा.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक प्रसंग हदीससंग्रहात आला आहे. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) मांस घेऊन जाताना त्यांना दिसले. विचारणा केली असता, मांस खाण्याची इच्छा झाली म्हणून एका दिरहमचे घेतले, असे उत्तर मिळाले. मांस हलाल, पैसा हलाल. तरीही हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना शेजाऱ्याच्या आणि चुलतभावाच्या भुकेची आठवण करून दिली. वस्तू हलाल आहे काय, हा पहिला प्रश्न झाला. ती याच वेळी, माझ्याच घरी यायला हवी काय, हा दुसरा. विनाखर्च दिवस आपल्याला या दुसऱ्या प्रश्नापाशी थांबवितो.

काय थांबवू नये

या दिवसाच्या नावाखाली कोणाचा हक्क रोखला गेला, तर सारी मेहनत व्यर्थ आहे. आजारी माणसाचे औषध, तान्ह्या बाळाचे दूध, मुलाचे शाळेत जाण्याचे भाडे यांना विनाखर्च दिवस लागू नाही. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार त्या दिवशी देय असेल, तर तो त्याच दिवशी द्यावा. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची शिकवण आपल्याला मिळाली आहे. दारी आलेल्या पाहुण्याला चहाविना परत पाठविणे ही काटकसर नव्हे. सदका तर या दिवशी अवश्य द्यावा.

बायको-मुलांवरील आवश्यक खर्च म्हणजे नफका हा पुरुषावर वाजिब आहे. हजरत अबू सुफयान (रजि.) यांच्या पत्नी हिंद (रजि.) यांनी पतीच्या आखडत्या हाताची तक्रार केली, तेव्हा स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके घेण्याची परवानगी प्रेषितांनी (स.) त्यांना दिली. तसेच अल्लाहच्या मार्गात, गुलामाच्या मुक्तीसाठी, गरिबाला आणि कुटुंबावर खर्च केलेल्या दीनारांपैकी कुटुंबावरील दीनाराचा अजर सर्वांत मोठा आहे, असेही त्यांनी सांगितले. तेव्हा घरच्यांना उपाशी ठेवून वाचविलेला रुपया ही बचत नव्हे, तो अन्याय आहे.

येथे पुरुषांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. काटकसर ठरते तेव्हा स्वयंपाकघरातील खर्चावर बोट ठेवले जाते. पण बाहेरचा दोन-तीन वेळचा चहा, पान-तंबाखू आणि मित्रमंडळीतील खाणे त्या हिशेबात येते काय? नियम सर्वांना सारखा असेल, तरच मुलेही तो मनापासून मानतील.

तयारी आणि हिशेब

आधी तयारी केली नाही, तर हा दिवस दुपारपर्यंतच टिकतो. प्रेषित (स.) बनू नजीरच्या बागांच्या उत्पन्नातून आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे धान्य बाजूला ठेवीत असत, असे सहीह हदीसमध्ये आहे. पुढची तरतूद करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. म्हणून आदल्या रात्री डबा उघडून पाहावा : डाळ किती आहे, कोणती भाजी आधी संपवायला हवी, शिळ्या भाकरीचे काय करता येईल. न्याहारी घरी आणि दुपारचा डबा सोबत, एवढ्याने अर्धे काम होते. ज्यांना सोमवार-गुरुवारचे नफ्ल रोजे ठेवण्याची सवय आहे, त्यांना तेच दिवस सोयीचे पडतील. मात्र इफ्तारीसाठी बाजार गाठला, तर दिवस हातचा गेला.

आता साधा हिशेब करू. समजा, एखाद्या घरात असे किरकोळ खर्च रोज १२० रुपयांचे होतात. महिन्यात आठ विनाखर्च दिवस पाळले, तर ९६० रुपये वाचतील. वर्षाचे ११,५२० रुपये. पण दोन अटी आहेत. पहिली, सोमवारी टाळलेली खरेदी मंगळवारी दुप्पट होऊ नये. दुसरी, किराणा दुकानदाराच्या वहीत लिहून आणलेली वस्तू ‘विनाखर्च’ समजू नये. उधारी हा खर्चच आहे, फक्त त्याची तारीख पुढची आहे.

वाचलेला पैसा कोठे जावा

प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत. इतक्या वेळा का, असे विचारले असता त्यांनी सांगितले की, कर्जात पडलेला माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा ते मोडतो. आपल्याही अवतीभोवती हे दिसते. आधी किरकोळ खर्चात पगार विरतो. मग अचानक आजारपण किंवा लग्नकार्य येते, आणि माणूस व्याजाच्या दारात उभा राहतो. ज्या सूदविरुद्ध सूरह बकराच्या २७९व्या आयतीत अल्लाह व त्याच्या रसूलकडून युद्धाची घोषणा आहे, त्याकडे नेणारी वाट अशी लहान पावलांनी सुरू होते.

म्हणून वाचलेल्या रकमेतून प्रथम देणे फेडावे. ऐपत असूनही देणे लांबविणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. त्यानंतर अडीअडचणीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी, म्हणजे व्याजाने पैसे काढण्याची वेळ येणार नाही. आणि प्रत्येक वेळी त्यातला एक वाटा, कितीही लहान असो, गरजूच्या हाती द्यावा. सूरह बकराच्या २१९व्या आयतीत गरजेहून जास्त असेल ते खर्च करण्यास सांगितले आहे. पण गरज किती, हे ज्याने कधी मोजलेच नाही, त्याला जास्तीचे कसे दिसणार?

या महिन्याचा अभ्यास

येत्या शुक्रवारी जुमाच्या नमाजनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. घरातील वडीलधाऱ्यांपासून धाकट्या मुलापर्यंत प्रत्येकाचे मत घ्यावे. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकच दिवस ठरवावा. त्या रात्री वहीत दोन ओळी लिहाव्यात : आज काय घ्यावेसे वाटले आणि न घेतल्याने कोणाचे काही अडले काय? चार आठवड्यांनंतर ती पाने सर्वांनी मिळून वाचावीत. ज्या वस्तूंवाचून कोणाचेच अडले नाही, त्यांची यादी आपोआप तयार होईल. एखाद्या आठवड्यात नियम मोडला, तर घरात वाद न करता पुढच्या आठवड्यात पुन्हा आरंभ करावा.

कयामतच्या दिवशी माणसाला त्याच्या संपत्तीविषयी दोन प्रश्न विचारले जातील : ती कोठून मिळविली आणि कशात खर्च केली. पहिल्या प्रश्नाची काळजी आपल्यातील पुष्कळ जण घेतात; दुसऱ्याचे उत्तर रोजच्या लहान खर्चांतून लिहिले जात असते.

अल्लाह तआला आपल्या कमाईत बरकत देवो, उधळपट्टी व कंजुषी या दोहोंपासून आपल्या घरांचे रक्षण करो आणि आपणा सर्वांना कर्जाच्या ओझ्यातून मुक्त करो. आमीन.