कंठातील लहान ग्रंथी
(वाचनपाठ: मार्क 5:25-34)

बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेल्या बाईची कथा सांगताना मार्क स्पष्ट लिहितो की, वैद्यांमागे पैसा घालवूनही तिचा विकार वाढतच गेला. लूक हीच कथा सांगतो, पण विकार वाढल्याचा उल्लेख करीत नाही. तो स्वतः वैद्य, तेव्हा त्याने आपल्या व्यवसायबंधूंची लाज राखली असे कित्येक हसून म्हणतात. त्या बाईचे दुखणे नेमके कोणते होते हे शुभवर्तमान सांगत नाही. परंतु तिच्यासारखी वर्षे कंठणाऱ्या बहिणी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या मंडळ्यांतही आहेत, आणि त्यांतील काहींच्या दुखण्याचे मूळ कंठातील एका लहानशा ग्रंथीत असते. तिला थायरॉइड म्हणतात.

दिवसभर कापूस वेचून आलेली बाई थकणारच. पण जी रात्रभर झोपूनही सकाळी गळून गेलेली असते, जिला इतरांहून अधिक थंडी वाजते, जिचे केस गळतात, कातडी कोरडी पडते, शौचास साफ होत नाही, तोंडावर सूज येते, पाळीच्या वेळी फार रक्त जाते, तिला घरची माणसे आळशी म्हणतात. मूल राहिले नाही तर तिला वांझ ठरवितात. मन खिन्न झाले की कोणी करणी केली म्हणून देवऋषाकडे नेतात. ख्रिस्ती घरेही ह्यातून सुटलेली नाहीत. उलट, विश्वास कमी पडला म्हणून तू बरी होत नाहीस असे तिला मंडळीतच ऐकविले जाते. हे बोलणे आम्हांस देवऋषाच्या अंगाऱ्याहून निर्दय वाटते.

गळा फुगलेला दिसलाच पाहिजे असे नाही. निदान रक्ताच्या तपासणीने होते. ग्रंथी मंद पडली की मेंदूच्या तळाशी असलेली दुसरी ग्रंथी तिला जागे करण्यासाठी टीएसएच नावाचा रस अधिक सोडते. तोच रक्तात मोजतात. यवतमाळ येथे 1989 साली स्थापन झालेले वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. तेथे जाऊन आपली लक्षणे न लाजता सांगावी. ह्याच्या उलट, ग्रंथी अति काम करू लागली तर वजन घटते, छाती धडधडते, हात कापतात. त्याचे औषध निराळे आहे. म्हणून शेजारणीची गोळी मागून घेऊ नये.

सन 1891 मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईस बरे केले. ती त्यानंतर 28 वर्षे जगली. पुढे अमेरिकेत केंडल यांनी ह्या ग्रंथीचे सत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तो दिवस 1914 सालचा नाताळ होता. आज तेच सत्त्व लहान पांढऱ्या गोळीत कृत्रिम रीतीने बनवून मिळते.

गोळी पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, व अर्धा ते एक तासपर्यंत चहासुद्धा घेऊ नये. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्या. गरोदरपणी ह्या गोळ्या सर्रास मिळतात आणि सर्व गोळ्या एकदम गिळून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. सोयाबीनही औषध शोषू देत नाही. आमच्या शेतांतले सोयाबीन बहुतेक बाजारातच जाते, तथापि वड्यांची भाजी घरात होते, म्हणून लिहिले. सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून मात्रा ठरते. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नये. पुष्कळांस ती जन्मभर लागते.

गर्भ राहिल्याचे कळताच डॉक्टरांस सांगावे. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच रसावर अवलंबून असते, म्हणून बहुधा मात्रा वाढवावी लागते. काही बाळांची ग्रंथी जन्मतःच काम करीत नाही. अशा बाळास पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर त्याची बुद्धी वाचते. म्हणून प्रसूतीनंतर घरी निघण्यापूर्वी बाळाच्या टाचेच्या रक्ताची ही तपासणी झाली काय, असे बापाने विचारून घ्यावे.