मीटरवर नऊ, गाडी मात्र जागच्या जागी

चि. ओंकार,


प्रदर्शनाच्या आदल्या रात्री गाडी दोन मिनिटं पळून थांबली, आणि ‘मामा, मीटर तर ९ व्होल्ट दाखवतोय’ म्हणताना तुझा आवाज रडवेला झाला होता. तुझी जोडणी बरोबर आहे. चुकली ती बॅटरीची निवड.

त्या चौकोनी बॅटरीच्या पोटात दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकसर जोडलेले असतात. (उघडून बघू नकोस, आतलं रसायन कातडीला भाजतं.) एकसर जोडणीत व्होल्टची बेरीज होते, साठ्याची होत नाही. साठा एकाच चिमुकल्या सेलएवढा राहतो. चांगली अल्कलाइन असली तरी हलक्या कामावर जेमतेम ५०० मिलीअँपिअर-तास.

आता करंटचं बघ. तो बॅटरी ठरवत नाही, तुझ्या मोटरा ठरवतात, आणि सुरू होताना त्या एरवीच्या कित्येक पट करंट मागतात. बॅटरीला स्वतःचाही रोध असतो. या चौकोनी बॅटरीचा, ती नवी असताना, साधारण २ ओहम धर. १ अँपिअर ओढलास की २ व्होल्ट आतच खर्ची पडतात. बॅटरी जुनी होते तसा हा रोध वाढतो. हाताला ती गरम लागली असेल, ती याचमुळे. मीटर मात्र जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून त्याला पूर्ण ९ दिसतात. बॅटरीची खरी परीक्षा मोटर फिरत असतानाच होते.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे तू शाळेत शिकलास. त्याच रीतीने साठ्यातली ऊर्जाही मोज. ९ गुणिले ०.५ म्हणजे साडेचार वॅट-तास. चार अल्कलाइन पेन्सिल सेल ६ व्होल्टच देतात, पण प्रत्येकाचा साठा २००० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास, म्हणजे चारांचे मिळून १२ वॅट-तास. गाडी ४०० मिलीअँपिअर घेत असेल तर कागदावर पाच तास, प्रत्यक्षात थोडे कमी. पुन्हा चार्ज होणारे सेल घेतलेस तर ते १.२ व्होल्टचे असतात, हे हिशेबात धर.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात असताना टोकं बॅटरीला थेट लावू नकोस. तुझ्या वयाचा असताना मी घरातल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर हे केलं. वायरीचं प्लास्टिक वितळून बोटांना चिकटलं, डाग अजून आहे. लिथियमच्या सेलला तर याहून जपायचं. आई घरी नसताना त्याला हात लावायचा नाही.

उद्या चार सेल आण, गाडी चालू ठेवून व्होल्ट मोज आणि आकडा मला रात्री कळव.

तुझा,
मामा