दुधाची शुद्धता गोठ्यापासून

दुधाची प्रत सामान्यतः त्यातील स्निग्धांशावरून व पाण्याच्या भेसळीवरून ठरविली जाते. परंतु पाण्याचा थेंबही न मिसळलेल्या, डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या दुधातही रोगकारक जीवाणू असू शकतात. म्हणून कायद्याने दुधातील जीवाणूंवरही मर्यादा घातली आहे. ती पाळण्यात उत्पादकाचा वाटा कोणता, हे ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

कायदा व मानके

१९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा आता अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याने घेतली आहे. त्याखालील विनियमांनुसार पाश्चरीकृत दुधाची पारख एका नमुन्यावर न करता एकाच खेपेतील पाच नमुन्यांवर केली जाते. दर मिलिलिटरमागे एकूण जीवाणू ३० हजारांपर्यंत असल्यास दूध समाधानकारक समजतात. ठरावीक संख्येपुरते नमुने याहून किंचित वर गेलेले चालतात. मात्र एकाही नमुन्यात ही संख्या ५० हजारांवर गेल्यास सर्व खेप नापास ठरते. साल्मोनेला या रोगकारक जीवाणूबाबत तर कोणतीच सवलत नाही. तो पाचही नमुन्यांत मुळीच आढळता कामा नये.

हा अधिनियम शेतकऱ्यास व त्याच्या पशुधनास लागू होत नाही. कायदा गोठ्याच्या दारापाशी थांबतो; जीवाणूंची वाढ मात्र गोठ्यातच सुरू होते.

उकळणे पुरेसे का नाही?

अनुकूल उष्णतेत काही जीवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. या गतीने एका जीवाणूचे ४ तासांत ४,०९६ होतात. दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यास ही वाढ फार मंदावते.

६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापविल्याने क्षय व सांसर्गिक गर्भपात यांचे जंतू मरतात. म्हणून निरसे दूध पिऊ नये, हे योग्यच आहे. परंतु स्टॅफिलोकोकस नावाचे जीवाणू दुधात वाढले, तर ते एक विष निर्माण करू शकतात. पुढे दूध उकळले असता जीवाणू मरतात, पण विष शिल्लक राहते. असे दूध किंवा त्याचा खवा खाल्ल्यास काही तासांतच उलट्या व जुलाब सुरू होतात; लहान मुलांना त्याचा त्रास अधिक होतो. हे जीवाणू कासदाह झालेल्या कासेत आणि धार काढणाऱ्याच्या हातावरील पिकलेल्या जखमेत असतात. तेव्हा जे उकळून नाहीसे होत नाही, ते दुधात येऊच न देणे हाच उपाय होय.

गोठ्यात घ्यावयाची दक्षता

१. धार काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. हातावर जखम असणाऱ्याने धार काढू नये.

२. कास व सड कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे करावेत.

३. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काळ्या फडक्यावर काढून पाहाव्यात. गुठळ्या, रक्त किंवा पाणचट दूध दिसल्यास ते इतर दुधात मिसळू नये व पशुवैद्यास दाखवावे.

४. जनावरास प्रतिजैविक औषध दिले असल्यास पशुवैद्याने सांगितलेले दिवस संपेपर्यंत दूध विक्रीस पाठवू नये.

५. चरवी व किटली प्रथम थंड पाण्याने, नंतर धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन, उकळत्या पाण्याने विसळून उन्हात पालथी घालावी.

६. दूध गाळून किटली सावलीत थंड पाण्यात ठेवावी व शक्य तितक्या लवकर केंद्रावर पोहोचवावी. रात्रीचे दूध सकाळच्या दुधात मिसळू नये.

प्रात्यक्षिक

कार्यकर्त्यांनी दूध संघाच्या प्रयोगशाळेच्या साहाय्याने मेथिलीन ब्लू चाचणीचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. दुधात घातलेला निळा रंग जितक्या लवकर जातो, तितके जीवाणू अधिक समजावेत. अर्ध्या तासाच्या आत रंग गेल्यास दूध निकृष्ट होय. धुतलेल्या व न धुतलेल्या किटलीतील दुधाच्या नळ्या शेजारी शेजारी ठेवल्यास फरक सर्वांना दिसेल.

अनेक घरांचे दूध केंद्रावर एकत्र होते. त्यामुळे एका किटलीतील निष्काळजीपणा साऱ्या गावाच्या दुधास बाधतो, हे प्रत्येक उत्पादकाने ध्यानी ठेवावे.