मुलांच्या शीट्स रद्दीत घालू नका

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो आणि प्रवेशाची शेवटची फेरी संपेपर्यंत थांबत नाही. हल्ली प्रश्न एकच असतो. "मॅडम, आर्किटेक्चरला घालू की नको? एआय आल्यावर घरांची चित्रं कॉम्प्युटरच काढणार म्हणतात. त्यापेक्षा एआय-डेटा सायन्सला टाकलेलं बरं ना?" शब्द तेच, आवाजातली धास्तीही तीच. कधी मुलगी बाजूलाच बसलेली असते, पण फोन तिच्या हातात देत नाहीत.

म्हणून उत्तर एकदाच सर्वांसाठी लिहिते. ज्या मुलीला कागदावर रेघ ओढल्याशिवाय, पुठ्ठा कापून काहीतरी उभं केल्याशिवाय चैन पडत नाही, तिला शेजारच्यांचा मुलगा गेला म्हणून कॉम्प्युटरला ढकलू नका. चार वर्षं ती तिथे कुढत काढेल. आणि ज्या यंत्राच्या भीतीने तिला पाठवाल, ते यंत्र त्या शाखेतली सोपी कामंसुद्धा करू लागलं आहे. कॉम्प्युटरची मनापासून ओढ असलेल्या मुलांनी तिकडे जरूर जावं. मी बोलते आहे ती ओढून नेल्या जाणाऱ्या मुलांबद्दल.

रस्ते बहुतेकांना ठाऊक असतात, ते घाईने सांगते. बी.आर्क. पाच वर्षांचं. बारावीला गणित हवं. नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर, मग सीईटी सेलच्या फेऱ्या. आयआयटीत जायचं तर जेईई ॲडव्हान्स्डनंतर आणखी एक चाचणी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, तेव्हा कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का एवढं आधी पाहा. सुरुवातीची काही वर्षं पगार कमी असतो, हेही आधीच ऐकून ठेवा. पुढे मुलाला दर महिन्याला ऐकवू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आईबरोबर आली होती. दिवाळीच्या साफसफाईत आईने तिच्या पहिल्या दोन वर्षांच्या सगळ्या शीट्स रद्दीवाल्याला देऊन टाकल्या होत्या. माउंटबोर्डची मॉडेल्स सोसायटीच्या कचऱ्यात गेली होती. "मार्क मिळाले, संपलं ना त्यांचं काम," आई म्हणाली. घर लहान होतं, आईची अडचण खरी होती. पण मुलगी त्या तासाभरात एक शब्द बोलली नाही, आणि ती आमच्याकडे आली होती कॉलेज सोडायचं म्हणून. या दोन गोष्टींचा संबंध आईला दिसत नव्हता. आपण रात्र रात्र जागून केलेलं काम घरात कचरा ठरतं, हे मुलीला फार लवकर कळलं होतं.

जगात काही ठिकाणी हाच कचरा शंभर-सव्वाशे वर्षं जपून ठेवला आहे. रॉबर्ट टेलर हा अमेरिकेतल्या एमआयटीतून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. वडील सुतारकाम-बांधकाम करणारे. १८९२ साली त्याने पदवीसाठी निवृत्त सैनिकांच्या निवासाचा आराखडा केला. ती शीट एमआयटीच्या संग्रहालयात आजही आहे. पुढे टेलर अलाबामातल्या टस्कीगीला, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या संस्थेत गेले. तिथल्या इमारती त्यांनी रचल्या, त्यांच्या विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या आणि भाजल्या. १९४२ साली स्वतः रचलेल्या तिथल्या चॅपेलमध्येच ते कोसळले आणि गेले. त्या आयुष्याची सुरुवात कुठून झाली हे बघायचं असेल तर टस्कीगीच्या इमारती पुरत नाहीत. चोवीस वर्षांच्या मुलाने शाईने ओढलेल्या त्या रेघा बघाव्या लागतात. "मार्क दिले, आता हे कशाला" असं त्या काळी कुणी म्हणालं असतं तर त्या राहिल्या नसत्या.

आय. एम. पेई यांची गोष्ट पालकांनी नीट वाचावी. १९३५ साली ते चीनहून अमेरिकेला शिकायला गेले. आर्किटेक्चरला बसले आणि आपल्याला रेखाटन जमणार नाही असं वाटून इंजिनिअरिंग करायला एमआयटीत गेले. म्हणजे आज माझ्याकडे येणारी मुलं जे करतात तेच. तिथले डीन विल्यम इमर्सन यांनी त्यांना समजावून परत आर्किटेक्चरकडे वळवलं. १९४० सालचा त्यांचा पदवीचा प्रबंध एमआयटीकडे आहे. विषय होता, युद्धकाळात आणि शांततेच्या काळात चीनमध्ये लोकांपर्यंत माहिती पोहोचवणारी, एका साच्यात बांधता येणारी केंद्रं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या अंगणातला काचेचा पिरॅमिड सगळ्यांना माहीत असतो. तो उभा करणाऱ्या माणसाने विद्यार्थी असताना आपल्या देशातल्या माणसांसाठी काय योजलं होतं, ते या प्रबंधात कळतं.

आणि आपले चार्ल्स कोरिया. मुंबईच्या सेंट झेवियर्समधून मिशिगनला आणि तिथून एमआयटीला. १९५५ साली पदव्युत्तर प्रबंध म्हणून त्यांनी एक चित्रपट केला, 'यू अँड युअर नेबरहुड'. आपल्या वस्तीची अवस्था सुधारायला राहणाऱ्यांनीच कसं पुढे यावं, हा त्याचा विषय. नऊ वर्षांनी, १९६४ मध्ये, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना मांडली. पुढे सिडकोचे ते मुख्य आर्किटेक्ट झाले आणि बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज त्यांनी रचलं, जिथे राहणाऱ्याने आपलं घर आपल्या गरजेप्रमाणे वाढवत न्यायचं होतं. पंचविशीतल्या विद्यार्थ्याची ती फिल्म आणि बेलापूरची ती घरं शेजारी ठेवली की धागा डोळ्यांना दिसतो. पण २०१३ साली कोरियांच्या संग्रहातली हजारो रेखाटनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सकडे गेली. ती तिथे उत्तम सांभाळली जातात, याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरीही बेलापूरच्या मुलाला बेलापूरच्या मूळ रेघा बघायला लंडन गाठावं लागावं, याचं मला वाईट वाटतं.

न्यूयॉर्कच्या कूपर युनियनने तर एका विद्यार्थ्यावर न थांबता वर्गच्या वर्ग जपले. जॉन हेडक तिथे शिकवत तेव्हा सुरुवातीलाच मुलांपुढे नऊ चौकोनांची एक चौकट ठेवली जाई. तेवढ्याच चौकटीत खांब, तुळया, पडदे लावून जागा घडवायची. एकाच प्रश्नाची वर्षानुवर्षांची उत्तरं आज तिथल्या संग्रहात आहेत. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या विद्यार्थ्यांच्या कामाचंच प्रदर्शन भरवलं. फसलेली उत्तरं, अर्धवट सोडलेले विचार, मॉडेल्सचे फोटो यांतूनच शिक्षकाला आपण काय शिकवलं ते कळतं.

आपल्याकडे अशा कामाचा एक प्रकार तर सोन्यासारखा आहे. आर्किटेक्चरची मुलं 'मेजर्ड ड्रॉइंग' करतात. गावोगाव जाऊन वाडे, देवळं, घाट, बाजारपेठा टेपने मोजतात. एकाने टेप धरायची, दुसऱ्याने आकडे लिहायचे, तिसऱ्याने माळ्यावर चढायचं. विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना 'नासा' अशा कामासाठी लुई कान यांच्या नावाचा चषकही ठेवते. पुढे वाडा विकसकाकडे जातो, पडतो, आणि त्याच्या तुळयांची, कोनाड्यांची, जिन्याच्या पायऱ्यांची मापं उरतात ती एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या शीटवर. अशा शीट्सचे गठ्ठे मी कपाटांवर, जिन्याखाली, ओल आलेल्या भिंतीला टेकलेले पाहिले आहेत. ते बघून मला चीड येते.

हे जपणं हा एक व्यवसाय आहे, आणि समुपदेशनात त्याचं नावही कुणी घेत नाही. त्यात रसायनशास्त्र लागतं, इतिहास लागतो आणि ड्रॉइंग वाचता येणारा डोळा लागतो. तिसरी गोष्ट आर्किटेक्चर शिकलेल्याकडेच असते. निळी ब्लूप्रिंट घ्या. जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेल्या प्रक्रियेतून ती आली. उजेडात ती फिकी पडते आणि अल्कलीने तिचा निळा रंग उडतो. इतर जुन्या कागदांना पोषक म्हणून वापरतात तो अल्कलीयुक्त कागद तिच्यासाठी घातक, तिला उदासीन कागदातच गुंडाळावं लागतं. अमोनिया प्रिंटमधून वर्षानुवर्षं वाफा सुटत राहतात, म्हणून त्या इतरांपासून वेगळ्या ठेवायच्या. ट्रेसिंग पेपर जुना झाला की ठिसूळ होतो, आणि गुंडाळी उलगडायला गेलं तर काठाशी तडकतो. सेलोटेपचा चिकटा पिवळा डाग सोडतो आणि तो काढणं हे दिवसांचं काम असतं. मॉडेलमधला फोम भुगा होतो. आणि कॅड? ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आलं. तेव्हापासूनच्या फाइल किती आवृत्त्यांत, किती फ्लॉपी-सीडींवर पडल्या आहेत आणि त्यांतल्या किती आज उघडतील, हा सगळ्या अर्काइव्हजपुढचा प्रश्न आहे. माँट्रियलच्या कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चरने २०१३ मध्ये त्यावर अख्खं प्रदर्शन केलं. कॉम्प्युटरची आवड असलेल्या मुलांनाही इथे जागा आहे, हे त्यांच्या पालकांनी लक्षात घ्यावं.

शिकायचं कुठे? दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ अर्काइव्हल स्टडीजमध्ये वर्षाचा डिप्लोमा आहे, कागदाच्या जतनाचे छोटे अभ्यासक्रमही असतात. लखनौला सांस्कृतिक मालमत्तेच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये वास्तुजतनात एम.आर्क. करता येतं. कामाची ठिकाणं पाहायची तर विक्रोळीचं गोदरेज अर्काइव्हज, पुण्याचं टाटा सेंट्रल अर्काइव्हज, बंगळुरूच्या एनसीबीएस या विज्ञान-संशोधन संस्थेचं अर्काइव्ह, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्याचं पुराभिलेखागार. शिवाय जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या आर्किटेक्टांची ऑफिसं. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतल्या एखाद्या बाल्कनीला हात लावायचा तर मूळ ड्रॉइंग शोधून वाचणारा माणूस लागतोच.

जागा थोड्या आहेत, हे स्पष्ट सांगते. ज्याला पंचविशीत फ्लॅट घ्यायचा आहे त्याने इकडे येऊ नये. पण ज्याला तासन्‌तास एका कागदासमोर बसता येतं, त्याला त्या थोड्या जागांसाठी शेकडोंच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

मुलांनाही दोन शब्द. पैसे देऊन पोर्टफोलिओ करून घेऊ नका. क्लासमधून आलेले ते चकचकीत पोर्टफोलिओ मला पहिल्या पानावर ओळखू येतात, आणि मुलाखतीला बसलेल्यांनाही येत असणार. खोडलेलं, चुकलेलं, ज्युरीने लाल पेनाने फाडलेलं तुमचं असतं, ते ठेवा. शीट्स सपाट ठेवा, जागा नसेल तर पलंगाखाली पुठ्ठ्यांच्या मध्ये. मागच्या बाजूला साध्या पेन्सिलीने नाव, तारीख, ठिकाण लिहा. मॉडेल ठेवणं शक्य नसेल तर मोडण्यापूर्वी चारही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा.

गेल्या महिन्यात एक वडील दुसऱ्या वर्षाच्या मुलाला घेऊन आले. भोसरीत टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं नोकरी. मुलाला आर्किटेक्चर सोडायला लावून कॉम्प्युटरच्या कोर्सला घालायचं त्यांनी ठरवलं होतं, फक्त माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं. मी म्हटलं, पुढच्या वेळी शीट्स घेऊन या. आले. ट्यूबमधली शीट टेबलावर पसरली आणि कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली. बार्शीकडच्या आजोळच्या माळवदाच्या घराची मोजणी होती ती. ओसरी, माजघर, धान्याचं बळद, वरचे झरोके, लाकडी खांब. दिवाळीनंतर ते घर पाडायचं ठरलं आहे.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढला आणि बोट ठेवून मापं वाचायला लागले. रोज ड्रॉइंग वाचणारा माणूस. "ह्या पाच खणांची बेरीज एकूण लांबीशी जुळत नाही," ते म्हणाले. "दीडशेचा फरक आहे." मुलाने परत बेरीज केली. खरंच होता. त्याने घाईने खोडरबर काढलं.

मी म्हटलं, खोडू नकोस. त्या दिवशी तू काय मोजलंस ते तसंच राहू दे, चूक मागे लिही, तारीख घालून.

वडिलांनी शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून त्याला दिली. "रविवारी जाऊ बार्शीला," ते म्हणाले. "आमच्याकडची तीस मीटरची टेप घेतो."