भोवळ आलेल्याला उठवून बसवू नका

इंजेक्शनची सुई पाहून भोवळ येणारे पेशंट आम्हा डॉक्टरांना नवे नाहीत. पन्नास किलोचे पोते सहज पाठीवर घेणारा धट्टाकट्टा गडीही रक्त तपासायला हात पुढे करतो आणि घामाघूम होऊन कोसळतो. लोक हसतात. पण हा भित्रेपणा नव्हे. यामागे शरीराचे शास्त्र आहे.

साप दिसला की छाती धडधडते, रक्तदाब वाढतो आणि माणूस पळत सुटतो. रक्त किंवा सुई पाहिल्यावर मात्र काही जणांत उलटे घडते. नाडी आधी जलद होते आणि मग एकाएकी मंदावते. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. त्याचा रक्तपुरवठा ६ ते ८ सेकंद तुटला तरी शुद्ध हरपते. उन्हात बराच वेळ उभे राहूनही असेच होते.

माणूस आडवा पडला की मेंदूला पुन्हा रक्त पोहोचते आणि बहुधा मिनिटभरात तो डोळे उघडतो. म्हणजे आडवे होणे हाच उपाय! नेमके हेच आपण होऊ देत नाही. चारजण धावतात, काखेत हात घालून त्याला बसवतात. रक्त न मिळाल्याने हातपाय झटके देऊ लागतात. मग 'फिट आली' म्हणून कोणी नाकाशी कांदा धरतो, कोणी चप्पल. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतले, तर ते श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकते.

तेव्हा वाचकहो, एवढे करा :

१) त्याला सपाट जमिनीवर निजवा, पाय फूटभर उंच करा. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर वळवा.
२) गळ्याजवळचे कपडे सैल करा, गर्दी हटवा.
३) उलटी होत असल्यास कुशीवर वळवा.
४) शुद्ध आल्यावरही दहा मिनिटे पडू द्या. पाणी त्यानंतर.

श्वास चालू नसेल तर हे उपाय करीत बसू नका. छाती दाबण्याचा प्रथमोपचार सुरू करा आणि १०८ला फोन करा. मिनिटभरात शुद्ध न आल्यासही रुग्णवाहिका बोलवा. श्रम करताना भोवळ आली, छातीत दुखले किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर हृदयाचा आलेख काढून घ्यावाच.

ज्यांना सुईची धास्ती आहे, त्यांच्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात एक सोपी युक्ती मांडली. हात, पाय, पोट यांचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळा, चेहरा गरम वाटला की सोडा; अर्ध्या मिनिटाने पुन्हा. असे पाच वेळा करा. यामुळे रक्तदाब टिकून राहतो. सुई टोचायचा हात मात्र सैल असू द्या. आणि भोवळ येते हे डॉक्टरांना आधीच सांगा. आम्ही निजवूनच इंजेक्शन देऊ.