मोरणेचं पाणी

पातूर,
१५ जून २०२५

चि. छकुलीस,


काल तुझ्या आईचा अकोल्याहून फोन आला. जॉइनिंग लेटर आलं, जुलैत खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत हजर व्हायचं, एवढं सांगितलं आणि रडायला लागली. म्हणून मी फोन तुझ्या आजीकडे दिला. आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काऊन वं, थ्या समुद्रात पिवाले पानी राह्यते काय?"

मी हसलो. रात्री मात्र पडल्या पडल्या तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आपण कोरडवाहू माणसं. मृग लागून आठवडा झाला, अजून पेरणीजोगा पाऊस नाही. पऱ्हाटीचं बियाणं कोठीत पडून आहे. अशा घरातली मुलगी आरमारात जाते म्हटल्यावर गावात दोघा-तिघांनी मला विचारलंच, की आपला आणि समुद्राचा संबंध काय?

आहे संबंध. आपल्या डोंगरावरचं पाणी मोरणेत उतरतं, मोरणा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवाजवळ तापीत शिरते आणि तापी सुरतेपाशी समुद्राला लागते. घाट चढून वाशीमच्या पलीकडे गेलीस की तिकडचा पाऊस पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा फिरत थेट बंगालच्या उपसागरात जातो. म्हणजे आपण दोन समुद्रांच्या मधल्या पाळूवर बसलेलो आहोत. भूगोल शिकवताना हे मी पोरांना सांगायचो. मार्कांसाठी त्याचा काही उपयोग नव्हता.

हे आठवायचं कारण वेगळं आहे. त्या सुरतेत ७ सप्टेंबर १९२७ रोजी एक मुलगा जन्मला. त्याला पुढे त्याच बंगालच्या उपसागरातल्या लढाईबद्दल वीरचक्र मिळालं, आणि तो नव्वदी ओलांडून गेला. व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी. तू मुलाखतीसाठी पाठ केलेल्या नावांत हे होतं की नाही, मला ठाऊक नाही. नसेल तर आता वाच.

युद्धाचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुला तिकडे शिकवतीलच. १९७१ साली ते 'कामोर्टा' या जहाजाचे कप्तान होते. विमानवाहू 'विक्रांत'च्या बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे तिला पुरा वेग घेता येत नव्हता. तरी तिच्यावरून विमानं उडत होती आणि चितगाव, कॉक्स बाजारची नाकेबंदी चालू होती. भोवतीच्या लहान जहाजांना डोळ्यांत तेल घालून पहारा द्यावा लागे. 'कामोर्टा' त्यांतली. पुढे आवटी खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे प्रमुख झाले, शेवटी मुंबईच्या पश्चिम नौदल विभागाचे सरसेनापती, आणि १९८३ साली निवृत्त झाले.

मास्तर आहे, म्हणून हिशेब करून पाहिला. १९४५ साली ते नौदलाच्या वाटेला लागले. तिथून १९८३ पर्यंत झाली ३८ वर्षं. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी ते गेले, म्हणजे निवृत्तीनंतरची ३५. जवळजवळ सारख्याला सारखी. वर्दीतली ३८ वर्षं कशी काढायची ते तुला सरकार शिकवील. पुढच्या ३५ चं कोणी शिकवत नाही, म्हणून हे पत्र.

माझंच बघ. शाळेतून सुटलो आणि दोन वर्षं ओट्यावर बसून काढली. शाळेची घंटा इथवर ऐकू येते. ती झाली की मी उठून उभा राहायचो आणि मग कुठे जायचं ते न कळून परत बसायचो. तुझ्या मामीनं हे किती दिवस बघितलं कोण जाणे. एक दिवस हातात विळा देऊन म्हणाली, "उभे राह्यलेच आहात, तर बांधावरचं गवत कापून आणा." मी मास्तर होतो, त्यापलीकडे काही नव्हतो. तो दोष शाळेचा नाही, माझा.

आवटींनी ती सोय आधीच करून ठेवलेली दिसते. नोकरीत असतानाच, १९७८ साली, त्यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी सुरू केली. निवृत्तीनंतर मुंबईत फ्लॅट घेऊन क्लबात बसले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. ते गेले फलटणजवळच्या विंचुर्णीला, शेतावर. फलटणचा तो पट्टा आपल्यासारखाच पावसाची वाट बघणारा, समुद्र तिथून घाटापलीकडे. आणि तिथं बसून त्यांनी ध्यास घेतला तो भारतीय माणसानं शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीला फेरी मारण्याचा.

इंग्रज रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ सालीच एकट्यानं, कुठेही न थांबता फिरून आला होता, आणि त्याची 'सुहेली' होडी बांधलेली होती आपल्या मुंबईत! होडी आपली आणि माणूस त्यांचा, हे आवटींना किती टोचलं असेल, मी कल्पनाच करतो. अखेर २००६ साली नौदलानं मनावर घेतलं आणि कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटांची 'म्हादेई' तयार झाली. असली होडी त्या कारखान्यानं त्याआधी कधी बांधलेली नव्हती. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले, चार बंदरं घेत मे २०१० मध्ये परतले. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ते. आवटी तेव्हा ८२ वर्षांचे होते.

मला यातलं काय आवडतं सांगू? स्वप्न एकाचं, होडी दुसऱ्यानं बांधली, गेला तिसराच. पुढे अभिलाष टॉमी तीच 'म्हादेई' घेऊन न थांबता फिरून आले. मग 'तारिणी' या होडीतून नौदलाच्या सहा मुली गेल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. म्हातारबुवांना तेवढं बघायला मिळालं. यंदा २९ मे रोजी दिलना आणि रूपा या दोघीच 'तारिणी'तून फेरी पुरी करून गोव्याला लागल्या, आणि दुसऱ्याच दिवशी खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी, सतराजणी, बाहेर पडली. हे दोन्ही आवटींच्या माघारी झालं. तेव्हा पहिलं येण्याची घाई करू नकोस बाई. स्पर्धा परीक्षेनं तुम्हा पोरांना नंबराची खोड लावली आहे. दोंद्यांचं नाव यादीत पहिलं आहे, पण त्या फेरीसाठी इतकी वर्षं तगादा लावणारा माणूस कुठल्याच यादीत येत नाही. अशी एखादी गोष्ट मनात बाळग, जी तुझ्या हातून पुरी झाली नाही तरी चालेल.

आता घराचं. इथे मी आवटींच्या आडून बोलत नाही, माझं मत सांगतो. आरमारातला माणूस महिनोन्महिने बाहेर असतो आणि घर मागे राहिलेलं माणूस चालवतं. आजवर बहुतेक ते बायकांनी निभावलं. मुलांच्या शाळा बदलल्या, विशाखापट्टणमहून कोचीला सामान हलवलं. तुझ्या बाबतीत जहाजावर तू असशील. उद्या लग्न ठरेल तेव्हा पगार, शेती, हुंडा न घेण्याचा मोठेपणा हे सगळे विचारतील. घर कोण सांभाळणार हे तू विचार, आणि उत्तर ऐकल्याशिवाय उठू नकोस. सुट्टीवर घरी आलीस की हुकूम सोडू नकोस; तू नसतानाही घर चाललेलंच असतं. आणि आईला फक्त चांगलं चांगलं कळवत जाऊ नकोस. 'मी मजेत आहे' हे वाक्य मुलगी तीनदा बोलली की आई रात्रभर जागते.

सोबत एक दोराचा तुकडा पाठवतो आहे, हसू नकोस. विहिरीवरच्या बादलीचा हा दोर. तुझे आजोबा बादली सोडण्याआधी रोज तो बोटांतून ओढून बघत, कुठे पीळ सुटलाय का. एका पावसाळ्यात मी कंटाळा केला आणि बादली तळाला गेली. त्यांनी मला दिवसभर गळ टाकायला लावलं. वरून दोर धडच दिसत होता, आतला एक पदर कुजला होता. सुरुवातीला तुम्हाला खडकवासल्याच्या तलावातच होडी शिकवतात असं वाचलं. तिथल्या गाठी शिकलीस की या तुकड्यावर सराव कर.

सामानात स्वेटर घे. हिशेबाची वही ठेव. पोहण्यात कच्ची आहेस, ते पहिल्याच दिवशी कबूल करून टाक. तिथे लपत नाही.

तुझा
मामा

ता. क. आजीनं शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे. तिथं बाहेरचं चालणार नाही असं मी सांगितलं तरी ऐकत नाही. समुद्रातल्या पाण्याचं उत्तर मी तिला दिलेलं नाही. ते तू रविवारी फोनवर दे, सावकाश दे. तिला कमी ऐकू येतं.