वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे वर्ष

आरोग्यशिक्षणाच्या या लेखासाठी यंदा निवडलेला विषय काही वाचकांना सावनेरसारख्या तालुक्याच्या गावी परका वाटण्याचा संभव आहे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया हा महानगरांतील सुखवस्तू लोकांचा विषय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. सप्टेंबर २०११ मध्ये नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी, ते भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करवून घेतली व तिचे नाव विदर्भात सर्वतोमुखी झाले. पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधील इमान अहमद यांना विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले. मार्चमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात त्यांना पुढील उपचारांसाठी अबुधाबीस नेण्यात आले आणि सप्टेंबरात तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे अन्य आजार इतके गंभीर होते, की सामान्य रुग्णाशी त्यांची तुलना करणे योग्य नव्हे. परंतु त्या काळात किती किलो वजन घटले याचे आकडे रोज छापून येत, आणि शस्त्रक्रियेनंतरचे दीर्घ दिवस कसे काढावे लागतात याविषयी क्वचितच काही वाचावयास मिळे.

आमच्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होत नाही. त्यासाठी रुग्ण नागपूरला अथवा मुंबईला जातात आणि सर्व ठीक असल्यास दोन-तीन दिवसांत त्यांना घरी पाठविले जाते. म्हणजेच शस्त्रक्रिया दुसऱ्या गावी होते. बरे होणे मात्र येथे, आपल्याच स्वयंपाकघरात, वर्ष-दीड वर्ष चालते. प्रस्तुत लेख म्हणूनच रुग्णापेक्षाही त्याच्या घरच्यांसाठी आहे.

प्रचलित प्रकार मुख्यत्वे दोन. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कायमचा काढून टाकतात व उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याशी जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून, चार-पाच लहान छिद्रांवाटे होतात. बाहेरची जखम इतकी छोटी दिसते, की भेटीस येणाऱ्यांना आत काही मोठे घडले आहे हे पटत नाही. बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशीच सायंकाळी रुग्णास उठवून चालविले जाते. आप्तांना ते निर्दयपणाचे वाटते. परंतु पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होऊ नये यासाठी ते अत्यावश्यक असते. घरी आल्यावरही दिवसभर अंथरुणावर पडून न राहता थोडे थोडे, अनेक वेळा चालावे. बैठे काम करणारी व्यक्ती साधारण दोन आठवड्यांनी कामावर परतू शकते. आपल्या भागात मात्र शेतीत व कोळसा खाणींत काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी किमान चार ते सहा आठवडे जड ओझे उचलू नये व परत कामावर जाण्याची तारीख शल्यविशारदाकडून लेखी घ्यावी.

खरी परीक्षा आहाराची. आरंभी एक-दोन दिवस केवळ पाण्यासारखे पातळ पदार्थ, त्यानंतर सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेले वरण असे द्रव, पुढील दोन आठवडे घोटलेले अन्न, मग मऊ भात-वरण, आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर नेहमीचे जेवण, तेही अगदी लहान वाटीभर. प्रत्येक शल्यविशारदाचे वेळापत्रक थोडे निराळे असते. ज्याने शस्त्रक्रिया केली त्याचेच पाळावे. एका वेळी दोन-तीन घोट प्यावे, आणि दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात जाईल असे पाहावे. नागपूरकडील मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि अशा रुग्णास तहान लागली तरी गटागटा पाणी पिता येत नाही. अंगातील पाणी कमी होणे हे या रुग्णांना पुन्हा दाखल करावे लागण्याचे एक नेहमीचे कारण आहे. म्हणून उशाशी तांब्या व लहान पेला ठेवावा आणि घरातील कोणी तरी घोटांवर लक्ष ठेवावे. जेवताना व जेवणानंतर अर्धा तास मात्र पाणी पिऊ नये.

हा संत्र्यांचा मुलूख असल्याने भेटीस येणारा प्रेमाने संत्र्याचा रस घेऊन येतो. त्यातही साखर घातलेली असते. बायपास झालेल्या रुग्णास असे गोड पेय घेतल्यावर थोड्याच वेळात धडधड, घाम, पोटात कळ, चक्कर व जुलाब होऊ शकतात, कारण साखर जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरते. हीच गोष्ट जिलेबी-पेढ्यांची. तर्री पोहे व आलुबोंडे यांचा मोह तर पहिले काही महिने दूरच ठेवावा. उपवास करणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याविना तो धरू नये. साबुदाण्याच्या उसळीत प्रथिने जवळजवळ नसतात, आणि या काळात शरीरास हवी असतात ती प्रथिनेच.

प्रथिनांचा हिशेब आम्ही मुद्दाम मांडतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम आवश्यक मानतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातून ६-७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम मिळतात. म्हणजे तीन पेले दूध, दोन अंडी व १०० ग्रॅम पनीर घेतले तरी बेरीज ५० च्या आसपासच थांबते, आणि जठर तर मूठभरही उरलेले नसते. म्हणूनच डॉक्टर प्रथिनांची भुकटी लिहून देतात. ती चैन नव्हे. जेवताना आधी वरण, अंडे वा पनीर संपवावे व भाकरी-भाताला शेवटी हात लावावा. आपल्याकडे ताट वाढण्याची रीत याच्या नेमकी उलट असल्याने हा बदल घरच्या सुगरणीस अवघड जातो.

काही लक्षणे दिसताच कोणाचाही सल्ला विचारीत न बसता त्वरित रुग्णालय गाठावे: बसून असतानाही नाडी मिनिटाला १०० च्या वर राहणे, ताप, पोटातील वाढती वेदना, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे, एका पायास सूज, काळी शौच. शिवणीतून गळती होत असल्यास पहिली खूण पुष्कळदा नाडीचीच असते. सतत उलट्या होणे हेही घरगुती उपायांनी निभावून नेण्याचे दुखणे नाही. काही दिवसांच्या उलट्यांनी थायमिन, म्हणजे ‘बी-१’ जीवनसत्त्व, संपते व मेंदूस आणि मज्जातंतूंस कायमची इजा पोहोचू शकते. अशा रुग्णास नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणे धोक्याचे ठरते. आधी थायमिन द्यावे लागते. गावातील डॉक्टरांना ही शस्त्रक्रिया झाल्याचे सांगणे यासाठीच महत्त्वाचे आहे.

मधुमेह असल्यास रक्तातील साखर शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच उतरू लागते. जुन्याच प्रमाणात इन्सुलिन अथवा गोळ्या चालू ठेवल्यास साखर धोकादायक रीत्या खाली जाते, म्हणून मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी. दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या, विशेषतः बायपासनंतर, जठराच्या जोडावर व्रण करतात. त्या दुकानातून परस्पर आणू नयेत. मद्य पूर्वीपेक्षा लवकर व अधिक चढते. तरुण स्त्रियांनी किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, हे सासू-सासऱ्यांनाही कळलेले बरे.

आता वजनाविषयी. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात एकंदर वजनाच्या साधारण एक-चतुर्थांश घट होते, बायपासनंतर थोडी अधिक. १२० किलोची व्यक्ती ९० च्या आसपास येईल. ६० ची होणार नाही. मध्येच काही आठवडे काटा हलत नाही, तेव्हा ‘पैसे पाण्यात गेले’ असे बोलणारे नातेवाईक रुग्णाचे धैर्य खचवितात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात व बहुधा पुन्हा येतात. कातडी सैल पडते. मन उदास होणेही आढळते आणि तेही डॉक्टरांना सांगण्याजोगेच असते.

पैशांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. कुटुंबे शस्त्रक्रियेचा आकडा विचारतात व तेवढी तजवीज करतात. परंतु ‘बी-१२’, लोह, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी व पुढे दरवर्षी रक्ततपासणी करावी लागते. हा खर्च अंदाजपत्रकात बहुधा कोणी धरीत नाही. वजन उतरले, मधुमेह आटोक्यात आला, की गोळ्या बंद होतात, आणि दोन-तीन वर्षांनी पंडुरोग, हातापायांस मुंग्या, ठिसूळ हाडे अशा तक्रारी सुरू होतात. मज्जातंतूंची हानी पुष्कळदा भरून येत नाही. यंत्रसामग्रीसाठी देणगी देणाऱ्याचे नाव भिंतीवरील फलकावर लागते, वार्षिक रक्ततपासणीस तसा फलक नसतो. तरीही गरजू रुग्णांच्या तपासणीकरिता दिलेली लहान रक्कम आम्हांस तितकीच मोलाची वाटते.

शस्त्रक्रिया करून परतलेल्या रुग्णांनी सुटीचा कागद, शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख, चालू औषधांची यादी आणि शल्यविशारदाचा दूरध्वनी क्रमांक यांची एक प्रत आमच्या बाह्यरुग्ण विभागात नोंदवून ठेवावी. रात्री-अपरात्री आणलेल्या रुग्णाबाबत ती माहिती त्या क्षणी शोधत बसावे लागू नये, एवढाच त्यामागील हेतू आहे.